मँडरिन मासा घरच्या टाकीत उपाशी का राहतो?

घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांच्या तोंडी मँडरिन माशाविषयी एक तक्रार वारंवार येते. मासा आणला तेव्हा ठणठणीत होता, अंगावर रोगाचा एक ठिपका नव्हता, पाण्याच्या सगळ्या चाचण्या जिथल्या तिथे होत्या, आणि तरीही तीन-चार महिन्यांत तो खंगत जाऊन मेला. मालक मग पाणी बदलतो, औषध घालतो, दुकानदाराला बोल लावतो आणि काही दिवसांनी दुसरा मँडरिन आणतो. त्याचीही तीच गत होते. या मृत्यूचे कारण बहुतेक वेळा साधी उपासमार हे असते. ती इतकी सावकाश होते, की लक्षात येईपर्यंत उपाय करण्याची वेळ निघून गेलेली असते. चारही बाजूंनी माणसांच्या नजरेसमोर असलेला आणि रोज अन्न टाकले जाणाऱ्या टाकीत राहणारा मासा उपाशी कसा राहू शकतो, हे समजून घ्यायचे तर आधी त्याचे शरीर आणि त्याची खाण्याची रीत पाहावी लागते.

मँडरिनचे शास्त्रीय नाव सिन्कायरोपस स्प्लेन्डिडस. अल्बर्ट हेरे या मत्स्यशास्त्रज्ञाने १९२७ साली त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. जपानच्या दक्षिणेकडील र्युक्यू बेटांपासून फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि पुढे ऑस्ट्रेलियापर्यंतच्या पश्चिम प्रशांत महासागरात तो आढळतो. लांबी जेमतेम सहा-सात सेंटीमीटर, म्हणजे आपल्या करंगळीएवढी. निळ्या अंगावर नारिंगी नागमोडी पट्टे, मधूनमधून हिरवी झाक आणि लालसर डोळे. हा निळा रंग विज्ञानाच्या दृष्टीनेही नवलाचा आहे. बहुतेक प्राण्यांमध्ये दिसणारा निळा रंग हा रंगद्रव्याचा नसतो. पेशींमधील सूक्ष्म स्फटिकांवरून प्रकाश विशिष्ट प्रकारे परावर्तित झाल्यामुळे तो तसा भासतो. मँडरिनच्या त्वचेत मात्र खरोखरच निळे रंगद्रव्य असलेल्या पेशी आहेत, असे माकोतो गोडा आणि र्योझो फुजी या जपानी संशोधकांनी १९९५ साली दाखवून दिले. पृष्ठवंशीय प्राण्यांमध्ये हे फार विरळ आहे. मँडरिनचा जवळचा भाऊबंद असलेल्या ठिपकेवाल्या मँडरिनमध्येही तशाच पेशी सापडतात.

या माशाच्या अंगावर खवले नसतात. त्यांच्या जागी बुळबुळीत, उग्र वासाच्या स्रावाचा जाड थर असतो आणि त्वचेतील काही पेशी विषारी द्रव्यही तयार करतात. त्यामुळे मोठे मासे त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत, आणि म्हणूनच एवढा भडक रंग अंगावर मिरवत तो उथळ खाडीतल्या तुटक्या प्रवाळांच्या ढिगाऱ्यात निवांत वावरू शकतो. टाकीत याचा एक फायदा असा, की खाऱ्या पाण्यातील माशांना ग्रासणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग याला इतर माशांच्या मानाने कमी होतो. पण या फायद्यामुळेच मालकाची दिशाभूल होते. अंग स्वच्छ आहे, म्हणजे मासा निरोगी आहे, असा समज होतो आणि पोटाकडे कोणी पाहत नाही.

गालाच्या दोन्ही बाजूंना मँडरिनला एकेक टोकदार काटा असतो. नायलॉनच्या जाळीने त्याला पकडले, की हा काटा जाळीत अडकतो. तो सोडवताना त्वचा फाटते, आणि खवले नसलेल्या माशाची फाटलेली त्वचा लवकर चिघळते. म्हणून त्याला जाळीऐवजी प्लास्टिकच्या डब्यात किंवा पेल्यात हुसकावत नेऊन पाण्यासकट उचलावे लागते. जो दुकानदार मँडरिनवर सरळ जाळी घालतो, त्याच्याकडून हा मासा न घेतलेला बरा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मँडरिनचे तोंड लहान असते आणि भक्ष्य टिपताना ते किंचित पुढे येते. पोटाखालच्या पंखांसारख्या परांवर जणू चालत तो दगडावरून पुढे सरकतो, थांबतो, एक डोळा फिरवून दगडाची दोन-चार सेंटीमीटर जागा न्याहाळतो, चटकन एक टोच मारतो आणि पुन्हा पुढे सरकतो. उजेड असेपर्यंत हे अखंड चालू असते. तो टिपतो ते जीव म्हणजे कोपेपॉड नावाचे सूक्ष्म कवचधारी प्राणी, अगदी छोटे कृमी, झिंग्याच्या जातकुळीतले बारीक अ‍ॅम्फिपॉड, लहानग्या गोगलगायी आणि माशांची अंडी. यांतील कोपेपॉडचा वाटा मोठा. एक कोपेपॉड साधारण अर्धा ते एक मिलिमीटरचा असतो; काचेवर बसला तर टाचणीच्या टोकाने काढलेल्या पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसतो, आणि तो झटक्याने पुढे सरकला तरच तो जिवंत आहे हे कळते. इतर बहुतेक मासे टाकीत सकाळ-संध्याकाळ दिलेल्या खाद्यावर तुटून पडतात आणि मग दिवसभर स्वस्थ असतात. मँडरिनची जात शेळीसारखी दिवसभर चरणारी, त्यामुळे त्याला पाळायचे म्हणजे आधी कुरण तयार ठेवायचे.

या कुरणाचा हिशेब मांडून पाहू. मँडरिन मिनिटाला सरासरी दोनच कोपेपॉड टिपतो असे धरले आणि दिवसाचे दहा तास तो खातो असे मानले, तर दिवसाकाठी १,२०० कोपेपॉड लागतील. टाकीच्या उबदार पाण्यात कोपेपॉडची नवी पिढी अंड्यातून बाहेर पडून वाढण्यास व पुन्हा अंडी घालण्यास दीड-दोन आठवडे लागतात. दोन आठवडे धरले, तर तेवढ्या काळात माशाने सुमारे १७ हजार कोपेपॉड फस्त केलेले असतील. म्हणजे टाकीत एका वेळी कित्येक हजार प्रौढ कोपेपॉड असले, त्यांना लपायला माशाच्या तोंडाला न पोहोचणाऱ्या जागा असल्या आणि त्यांची पैदास खाण्याच्या वेगाला पुरी पडली, तरच हा व्यवहार टिकतो. हे आकडे ढोबळ गृहीतकांवरचे आहेत. प्रत्यक्षात मासा कमी-अधिक खाईल. पण गणिताचा कल स्पष्ट आहे. नव्या टाकीत मासा सोडला, की पहिले काही आठवडे तो साठ्यातले खातो आणि मालकाला वाटते, सगळे झकास चालले आहे. साठा संपतो त्या दिवशी बाहेरून काहीच बदललेले दिसत नाही. मासा पूर्वीसारखाच दगडांवरून फिरतो, टोचा मारतो, फक्त त्या टोचांमध्ये तोंडात काही येत नसते.

तीन-चार महिन्यांचा तो ठरलेला काळ इथून येतो. तो काही वेळा त्याहून कमीही असतो, कारण मासा आपल्या घरी पोहोचण्याआधीच अर्धपोटी असतो. फिलिपिन्समध्ये काही ठिकाणी हे मासे दगडांच्या फटींतून बारीक सुयांच्या छोट्या भाल्याने टिपले जातात, तर काही ठिकाणी हाताने हुसकावून पकडले जातात. पकडलेला मासा गावच्या संकलकाकडे, तिथून शहरातल्या निर्यातदाराकडे, विमानाने दुसऱ्या देशातल्या आयातदाराकडे आणि शेवटी दुकानात येतो. प्रवासाआधी माशांना मुद्दाम उपाशी ठेवण्याची रीत आहे, कारण पिशवीतल्या थोड्याशा पाण्यात विष्ठा पडली, की त्यातून अमोनिया तयार होऊन मासा मरू शकतो. आठवड्यातून दोनदा खाऊनही तग धरणाऱ्या मोठ्या शिकारी माशाला हा उपास सोसतो. दिवसभर चरणाऱ्या सहा सेंटीमीटरच्या माशाला तो फार महाग पडतो. पुढे दुकानाची टाकी म्हणजे बहुधा उघडी काच, एखादा प्लास्टिकचा पाइप आणि पाण्यात रोगप्रतिबंधासाठी घातलेले तांबे. तांब्याच्या ज्या मात्रेने माशावरचे परजीवी मरतात, त्याच मात्रेने कोपेपॉडही मरतात. म्हणजे दुकानातल्या टाकीत त्याच्यासाठी खायला काहीही नसते, आणि वरून टाकलेले दाणे तो ओळखतही नाही.

म्हणून विकत घेताना रंगावर भाळण्याआधी मासा वरून आणि मागून पाहावा. धष्टपुष्ट मँडरिन वरून पाहिल्यास डोक्याच्या मागे भरलेला असतो, पोट किंचित गोल असते आणि शेपटीकडे तो एकसारखा निमुळता होत जातो. उपाशी माशाचे डोके धडाच्या मानाने मोठे दिसू लागते, पोट आत ओढले जाते, आणि बाजूने पाहिल्यास पाठीच्या कण्यालगत, पराच्या मुळाखाली, अंग दाबून बसल्यासारखी खोबण पडते. डोक्यामागची चरबी व स्नायू झिजून ही खोबण पडली असेल, तर मासा पुष्कळदा सावरत नाही. दुकानदाराला आपल्यासमोर खाऊ घालायला सांगावे. तो संकोचला किंवा "हा रात्री खातो" असे म्हणाला, तर ते उत्तर स्वीकारू नये. मँडरिन उजेडात खाणारा मासा आहे.

आता टाकीच्या पाण्याविषयी थोडक्यात. खाऱ्या पाण्याची टाकी भरल्यावर लगेच मासा सोडता येत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. विष्ठा व कुजणाऱ्या अन्नातून निघणारा अमोनिया एका प्रकारचे जीवाणू नायट्राइटमध्ये आणि दुसऱ्या प्रकारचे जीवाणू नायट्राइट नायट्रेटमध्ये बदलतात. हे जीवाणू दगडांवर व वाळूवर पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे जातात, आणि बहुतेक माशांसाठी तेवढी वाट पुरते. मँडरिनसाठी ती पुरत नाही, कारण जीवाणूंनंतर शेवाळाचा पातळ थर, त्यानंतर तो खाणारे कोपेपॉड, कृमी व अ‍ॅम्फिपॉड अशी वस्ती टप्प्याटप्प्याने बसते. जाणकार पाळणारे या माशासाठी किमान सहा महिने, शक्यतो वर्षभर जुनी, सुमारे ३०० लिटरची आणि भरपूर दगड असलेली टाकी सुचवतात. या आकड्याला प्रयोगशाळेचा शिक्का नाही. पुष्कळ मासे गमावल्यानंतर पाळणाऱ्यांनी काढलेला तो अदमास आहे. पण वरचा हिशेब पाहिला, तर तो अवाजवी वाटत नाही.

खारटपणाकडे मात्र रोज लक्ष द्यावे लागते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे ३०० लिटरच्या टाकीत सुमारे साडेदहा किलो. पाण्याची वाफ होते तेव्हा क्षार मागे राहतात. त्या टाकीतले १५ लिटर पाणी उडून गेले, तर उरलेल्या २८५ लिटरमध्ये तेच साडेदहा किलो क्षार राहतात आणि प्रमाण लिटरमागे जवळजवळ ३७ ग्रॅमवर जाते. समुद्रातल्या माशाच्या शरीरातले पाणी एरवीही त्वचेतून व कल्ल्यांतून बाहेर ओढले जात असते. ते भरून काढण्यासाठी तो समुद्राचे पाणी पितो आणि जादा क्षार कल्ल्यांमधून बाहेर टाकतो. खारटपणा वाढला, की या कामावर त्याची शक्ती अधिक खर्च होते. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी गोडे, आर.ओ.चे पाणी घालायचे असते, मिठाचे नाही. नवशिके लोक इथे हमखास घसरतात.

महाराष्ट्रात आणि गोव्यात याला उन्हाळ्याची जोड मिळते. या माशाला २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते, आणि एप्रिल-मे महिन्यांत घरातली टाकी सहज तिशी ओलांडते. पाणी तापले, की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो: २५ अंशांना समुद्राच्या पाण्यात लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ३० अंशांना सव्वासहाच्या आसपास. त्याच वेळी माशाची प्राणवायूची आणि अन्नाची गरज मात्र वाढते. पाण्यावर छोटा पंखा लावून बाष्पीभवनाने टाकी थंड ठेवण्याची युक्ती नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात बरी चालते. मुंबई-पणजीच्या दमट हवेत तिचा फारसा उपयोग होत नाही आणि चिलर घ्यावाच लागतो. तो विजेवर चालतो, म्हणून वीज गेल्यावर निदान हवेचा पंप तरी चालेल अशी बॅटरीची सोय हवी. हा सगळा खर्च माशाच्या किमतीच्या कितीतरी पट असतो आणि दुकानात तो कोणी सांगत नाही.

कोपेपॉडची पैदास वाढवण्याचा सगळ्यांत भरवशाचा मार्ग म्हणजे त्यांच्यासाठी माशापासून सुरक्षित अशी वेगळी जागा करणे. मुख्य टाकीच्या खाली असलेल्या सम्पमध्ये, म्हणजे पाणी गाळण्याच्या जोडटाकीत, एक कप्पा राखून ठेवतात. त्यात तारांच्या गुंतवळ्यासारखे दिसणारे किटोमॉर्फा हे हिरवे शेवाळ आणि तुटक्या दगडांचा ढीग ठेवून त्यावर दिवा लावतात. हा दिवा शक्यतो मुख्य टाकीत अंधार असताना चालू ठेवतात, म्हणजे रात्री पाण्याचा सामू (पीएच) फार खाली जात नाही. कोपेपॉड त्या गुंतवळ्यात वाढतात आणि त्यांतले काही पंपाच्या प्रवाहाबरोबर वर माशाकडे येतात. मात्र वाटेत पाणी गाळण्याची बारीक कापडी पिशवी लावली असेल, तर वर येणारे बरेच कोपेपॉड त्यातच अडकतात; ती काढून टाकावी किंवा फार थोडा वेळ वापरावी. टाकी झगमगीत स्वच्छ ठेवण्याचा अट्टहासही इथे आडवा येतो. दर आठवड्याला दगड ब्रशने घासणारा आणि काचेवरचा प्रत्येक हिरवा डाग पुसणारा मालक मँडरिनचे अन्नच पुसत असतो. मागची काच आणि बाजूची एक काच न घासता सोडून दिली, तर पाहुण्यांना ती कदाचित खटकेल, माशाला मात्र त्यामुळे आधार मिळतो.

दगडांबाबत भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. परदेशी लेखांत समुद्रातून काढलेला, जीवजंतूंनी भरलेला 'लाइव्ह रॉक' टाकीत घालायला सर्रास सांगतात. आपल्याकडे दगड बनवणारी प्रवाळे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ सालापासून आहेत. त्यामुळे मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलून आणणे हा गुन्हा ठरतो. मालवणचा तर काही भाग १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे. यावर उपाय म्हणजे कृत्रिम, सच्छिद्र कोरडे दगड घेणे आणि त्यांवर पैदास करून विकले जाणारे कोपेपॉड विरजणासारखे सोडणे. कोरड्या दगडावर ही वस्ती बसायला जास्त वेळ लागतो, एवढाच तोटा. आधी तांब्याचे औषध वापरलेल्या टाकीतले जुने दगड कोणी स्वस्तात देऊ केले, तर घेऊ नयेत. दगडाने शोषलेले तांबे पुढे हळूहळू पाण्यात उतरत राहते.

टाकीत आणखी कोण आहे, यावरही बरेच अवलंबून असते. सहा आडव्या रेघांचा रास (wrasse) जातीचा मासा हा कोपेपॉड टिपण्यात मँडरिनपेक्षा कितीतरी चपळ असतो आणि वर स्वभावाने भांडखोर. पिवळा कोरिस रास आणि मँडरिनच्याच कुळातले इतर ड्रॅगोनेट मासेही त्याच ताटात हात घालतात. मोठ्या टाकीत एखादा भागीदार चालतो, ३०० लिटरमध्ये चालत नाही. दोन नर मँडरिन तर एकत्र ठेवूच नयेत, कारण ते एकमेकांना गंभीर जखमा होईपर्यंत लढतात. नर ओळखणे सोपे आहे: त्याच्या पाठीवरच्या पहिल्या पराचा काटा लांब, निशाणाच्या काठीसारखा वर उठलेला असतो, मादीचा आखूड असतो. जोडी ठेवली, तर सूर्यास्ताच्या सुमारास, म्हणजे टाकीतले दिवे मंदावताना, नर-मादी एकमेकांना चिकटून हळूहळू पाण्यात वर चढतात आणि वर पोहोचल्यावर अंडी व शुक्राणू एकाच वेळी सोडून झपकन खाली येतात. फिलिपिन्समधील मालापास्कुआ बेटाजवळ हाच सोहळा पाहण्यासाठी पाणबुडे संध्याकाळी मुद्दाम पाण्यात उतरतात. पण जोडी म्हणजे दुप्पट खाणारी तोंडे, हे विसरून जोडीचा मोह करू नये.

मँडरिनला तयार खाद्य खायला शिकवता येते का? काही माशांना येते, सगळ्यांना येत नाही, आणि खात्री कोणालाच देता येत नाही. शिकवण्याची रीत अशी. माशाला मुख्य टाकीतच लटकवलेल्या जाळीदार किंवा सच्छिद्र पेटीत काही दिवस वेगळे ठेवतात, म्हणजे पाणी तेच राहते आणि अन्नासाठी स्पर्धा उरत नाही. सुरुवातीला दिवसातून चार-पाच वेळा आर्टेमिया या झिंग्यासारख्या बारीक जिवाची ताजी पिल्ले देतात. आर्टेमियाची सुकी अंडी खाऱ्या पाण्यात, हवेचा पंप चालू ठेवून, २८ अंशांच्या आसपास ठेवली, तर साधारण २४ तासांत नारिंगी रंगाची, तुरुतुरु हालणारी पिल्ले बाहेर पडतात. त्यांच्या अंगातली बलकाची शिदोरी काही तासांतच संपू लागते, म्हणून ती ताजी असतानाच द्यावीत, किंवा मग स्निग्धाम्लांचे पोषक मिश्रण त्यांना खाऊ घालून नंतर माशाला द्यावीत. मासा ती नीट खाऊ लागला, की त्यांत गोठवलेले सायक्लॉप्स (एक प्रकारचे कोपेपॉड) किंवा माशांची बारीक अंडी थोडी थोडी मिसळतात आणि जिवंत खाद्याचे प्रमाण हळूहळू उतरवतात. यातली अडचण अशी, की मँडरिन हालचाल पाहून भक्ष्य ओळखतो. खाली पडून राहिलेला गोठवलेला कण त्याला अन्न वाटत नाही. म्हणून ड्रॉपरने तो कण माशासमोर हलकेच फुंकावा लागतो.

पेटीतून मुख्य टाकीत सोडल्यावर हे शिक्षण वाया जाऊ नये, यासाठी अरुंद तोंडाची काचेची बरणी दगडांमध्ये आडवी ठेवून त्यात खाद्य सोडतात. इतर चपळ मासे आत शिरायला बिचकतात, मँडरिन मात्र सरपटत आत जाऊन स्वस्थ खातो. तरीही दिवसातून एकदा-दोनदा घातलेल्या खाद्याने चरणाऱ्या माशाचे भागत नाही. आणि खाद्य वाढवले, की न खाल्लेले कण कुजून नायट्रेट व फॉस्फेट वाढतात. त्यामुळे चिवट शेवाळे माजते आणि टाकीत प्रवाळे असतील, तर त्यांना त्रास होतो. माशाचे पोट भरायचे आणि पाणीही राखायचे, ही ओढाताण या माशाच्या बाबतीत कधी पूर्ण सुटत नाही; मोठी टाकी, चांगला स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण बाहेर काढणारे यंत्र) आणि नियमित पाणी बदलणे यांनी ती सोसण्याजोगी होते.

विलगीकरणाचा पेच असाच अवघड आहे. कोणताही नवा मासा काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून मगच मुख्य टाकीत सोडावा, हा नियम योग्यच आहे, कारण स्वतः आजारी न दिसणारा मासाही परजीवी घेऊन येऊ शकतो. पण विलगीकरणाची उघडी टाकी मँडरिनसाठी दुकानाच्या टाकीइतकीच रिकामी असते. माझ्या मते विलगीकरण टाळू नये, पण त्या टाकीत तांबे घालू नये, काही सच्छिद्र दगड ठेवावेत आणि रोज जिवंत कोपेपॉड किंवा आर्टेमिया घालण्याची तयारी झाल्याशिवाय मासा आणू नये. ज्यांना हे शक्य नाही त्यांनी खरेदी पुढे ढकलावी.

अलीकडे टाकीतच जन्मलेले मँडरिन मिळू लागले आहेत आणि त्यांनी चित्र थोडे पालटले आहे. फ्लोरिडातील ओआरए या समुद्री मासे पैदास करणाऱ्या कंपनीने २०१० च्या सुमारास ते बाजारात आणले. प्रशांत महासागरातील पालाऊ या बेटांच्या देशातली बायोटा ही कंपनीही त्यांची पैदास करते. एका वेळी मादी दोनशेच्या आसपासपर्यंत अंडी सोडते. एक मिलिमीटरहूनही लहान अशी ही अंडी पाण्यावर तरंगतात आणि दिवसभराच्या आत उबतात. बाहेर येणाऱ्या पिल्लांचे तोंड इतके लहान असते, की त्यांना रोटिफर नावाचे अतिसूक्ष्म जलजीव आणि कोपेपॉडची नुकती जन्मलेली पिल्ले पुरवावी लागतात, तीही योग्य वेळी आणि भरपूर. तळाशी बसून प्रौढांसारखे चालू लागण्याच्या वयापर्यंत, म्हणजे सुमारे दोन-तीन आठवडे, ती जगवणे हे खरे कसब. इतके श्रम असल्यामुळे असा मासा महाग पडतो. पण तो लहानपणापासून गोठवलेले खाद्य आणि बारीक दाणे ओळखतो, त्याला भाल्याची जखम झालेली नसते आणि लांबच्या प्रवासातला उपास त्याला कमी घडलेला असतो. तरी त्यालाही दिवसातून अनेक वेळा खाणे लागतेच. दाणे खातो म्हणून नव्या, कोऱ्या टाकीत सोडून चालत नाही.

ज्यांची टाकी अजून नवी आहे, त्यांनी क्लाउनफिशपासून सुरुवात करावी. त्याची पैदास आता भारतातही होते. आपल्याकडे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात त्याची पिल्ले उबवली जातात. तो दाणे आनंदाने खातो, लहान टाकीत राहतो आणि नवशिक्याच्या बारीकसारीक चुका सहन करतो. तीनशे लिटरच्या टाकीत क्लाउनफिशची एक जोडी ठेवून सम्पमध्ये शेवाळाचा कप्पा चालू करावा, कोपेपॉड सोडावेत आणि मागची काच घासू नये. वर्षभरानंतर एखाद्या रात्री दिवे मालवून तासाभराने टॉर्च त्या काचेवर धरावा. उजेड पडताच पांढरे ठिपके सगळ्या काचेभर सैरावैरा पळू लागले, आणि पुढच्या कित्येक रात्री तितकेच दिसत राहिले, तर त्या टाकीत एका मँडरिनची सोय झाली आहे. ठिपके मोजता येण्याइतके कमी असतील, तर आणखी काही महिने थांबावे.